वखारीतल्या मारामारीनंतर कोणाचं काय उरलं? टेबलटॉप आरपीजीतले परिणाम वाचताना

प्रश्न: आमचं फेट कोअरचं (टेबलाभोवती बसून, भूमिका घेऊन, फाशांनी खेळायच्या आरपीजीची एक नियमावली) कॅम्पेन, म्हणजे लांबलचक चालणारी कथा, शंखबंदर नावाच्या काल्पनिक बंदरात चालू आहे. तिघं कॅरेक्टर रात्री वखारीत शिरले, मुकादमाची चोपडी पळवायला. मुकादम आणि त्याची माणसं आली, मारामारी झाली. रुक्माने पाच शिफ्टचा (शिफ्ट म्हणजे फटक्याचं माप) फटका झेलताना मॉडरेट कॉन्सिक्वेन्स (मध्यम दर्जाची, टिकणारी जखम) म्हणून 'उजवा हात मोडला' असं लिहिलं आणि पुढच्याच सीनला दोर धरून गलबतावर चढायला निघाली. मी अडवलं, तर खेळाडू म्हणते, कुणी इन्व्होक केल्याशिवाय (ती वापरून फाशांत फायदा घेतल्याशिवाय) त्या ओळीला काही अर्थ नाही, नियमात कुठे दंड लिहिलाय? मल्हारने कन्सीड केलं (स्वतःहून हार मानली) आणि 'मी चोपडी घेऊन निसटलो' असं जाहीर केलं. दाऊद टेकन आउट (लढाईतून बाद) झाला, मी 'मुकादमाने गळा चिरला' म्हटलं, तेव्हापासून तो खेळाडू ग्रुपवर गप्प आहे. शिवाय त्याआधी बंदराच्या अंमलदाराशी झालेल्या वादात रुक्मा हरली होती. हरली म्हणजे आता तिने त्याचं किती ऐकायचं? मी पहिल्यांदाच जीएम (खेळ चालवणारा) झालोय. नक्की कोण बरोबर?

उत्तर:

निवाडा आधी देते, कारणं मागून. दोराच्या बाबतीत तुम्ही बरोबर आहात, पण तुम्ही दिलेलं कारण बहुधा चुकीचं असणार. मल्हार अर्धा बरोबर. दाऊदच्या बाबतीत नियम तुमच्या बाजूचा आहे आणि तरीही मी तो निर्णय फिरवीन. अंमलदाराचा प्रश्न चारही प्रश्नांत सगळ्यांत चांगला आहे, तो शेवटी घेऊ.

चारही भांडणांत एक गोष्ट सारखी आहे. फासे पडायच्या आधी कोणत्या बाजूला नेमकं काय हवंय, हे टेबलावर कुणी बोललंच नाही. आकडा सांगतो की फटका केवढा होता आणि त्याची खूण किती दिवस राहील. काय झालं, हे आकड्याला ठाऊक नसतं. ते दोन्ही बाजूंच्या हेतूंतून काढावं लागतं, आणि हेतू आधी उच्चारलेला नसेल तर प्रत्येक जण नंतर आपापल्या सोयीचा काढतो. मल्हारने काढला, तुम्हीही काढलात.

रुक्माच्या हातापासून सुरुवात करू, कारण तिथे नियमच पुरेसं बोलतात.

आधी हिशेब. फटका पाच शिफ्टचा. फेट कोअरमध्ये एका फटक्याला स्ट्रेसची (तात्पुरता मार झेलणारी) एकच चौकट खोडता येते, आणि फिजीकमध्ये (शरीरबळाच्या कौशल्यात) काही गुंतवलं नसेल तर चौकटी दोनच असतात, एकची आणि दोनची. दोनची चौकट आणि माइल्ड, म्हणजे सौम्य, कॉन्सिक्वेन्स (कंसात तो किती शिफ्ट झेलतो ते: २) मिळून झाले चार. एक शिफ्ट उरला म्हणजे टेकन आउट. एकची चौकट आणि मॉडरेट (४) मिळून बरोबर पाच. तेव्हा तिने निवडलेला मार्ग चोख आहे, दोनची चौकटही वाचली.

आता शब्द. नियमपुस्तकात मॉडरेटचे नमुने आहेत ते खोल वार, हलकं भाजणं, पार थकून जाणं, भयानं गारठणं अशा जातीचे. हाड बाहेर आलेलं फ्रॅक्चर सिव्हिअरच्या (गंभीर कॉन्सिक्वेन्सच्या) यादीत आहे. साधं मोडलेलं हाड या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी बसतं. मी जीएम असते तर तिथेच म्हटलं असतं, 'मनगट दुखावलं, बोटं मिटत नाहीत, असं लिहायचं का? मोडला लिहिलंस तर मोडल्यासारखं वागवावं लागेल.' ज्याला लागलं त्याने शब्द सुचवावा आणि टेबलाने मान हलवावी ही पद्धत चांगली, पण मान हलवण्याआधी जीएमने शब्दाचं वजन चौकटीशी जुळतंय का एवढं पाहावं. खेळाडूंना जड शब्द आवडतात. 'रक्तबंबाळ', 'हाडांचा चुरा'. लिहिताना नाट्य वाटतं, पुढच्या सीनला तेच गळ्यात येतं.

तरीही लिहिलं ते लिहिलं. 'उजवा हात मोडला' हा ॲस्पेक्ट (कथेतली गोष्ट सांगणारी छोटी ओळ) आहे, आणि ॲस्पेक्ट एकदा कागदावर आला की तो खरा असतो. कुणी फेट पॉइंट (इन्व्होकसाठी मोजायचं खेळातलं चलन) टाको न टाको. २०२० च्या फेट कंडेन्स्डमध्ये, म्हणजे याच नियमांच्या आटोपशीर आवृत्तीत, ही गोष्ट ठळक सांगितली आहे. कोअरच्या वेळीही खेळ तसाच चालायचा, फक्त वाचणाऱ्याच्या नजरेतून निसटायचं. तुमच्या खेळाडूचा गोंधळ असा की तिने तीन वेगळ्या गोष्टी एकात गुंडाळल्या आहेत.

पहिली गोष्ट खरेपणाची. हात मोडलेला माणूस दोन हातांनी दोर धरून चढत नाही. इथे दंड नाही, उणे दोन नाही, पॉइंट नाही. ती कृती त्या मार्गाने उपलब्धच नाही. म्हणून तुम्ही 'तुला पेनल्टी लागेल' असं म्हटलं असेल तर ते चुकलं, कारण तिला मग 'कुठे लिहिलंय' विचारायचा हक्क मिळतो. त्याऐवजी विचारायचं असतं, 'उजवा हात उचलत नाहीये. कशी चढतेस?' मग मल्हार आधी वर जाऊन तिला ओढेल, किंवा माल चढवायच्या जाळीत ती गोण्यांबरोबर बसेल, किंवा तांडेलाला काहीतरी थाप मारून सरळ फळीवरून जाईल. यातल्या प्रत्येकातून एक वेगळा सीन निघतो. हात धड असता तर यातलं एकही सुचलं नसतं.

दुसरी गोष्ट इन्व्होकची. ज्याने ही जखम दिली त्या मुकादमाला तिच्यावर एक फुकटचा इन्व्होक मिळतो, +२ किंवा फेरफासे. तो त्याला साथीदाराला देऊनही टाकता येतो. म्हणजे गलबतावर त्याचा माणूस पहारा देत असेल आणि रुक्मा जाळीतून उतरताना त्याने तिला गाठलं, तर तो म्हणू शकतो, 'हिचा हात बघा!' आणि +२ घेऊ शकतो. तो एकदा वापरला की पुढे दर वेळी पॉइंट मोजावा लागतो, आणि तो पॉइंट सीन संपल्यावर रुक्माला मिळतो. हे तुमच्या खेळाडूला मुद्दाम सांगा. मोडका हात तिला फेट पॉइंट कमावून देणार आहे. मी पाहिलंय, हे एकदा कळलं की कॉन्सिक्वेन्स लपवत फिरणारे लोकच पुढे जीएमला आठवण करून द्यायला लागतात.

तिसरी गोष्ट कंपेलची. यात तुम्ही पॉइंट पुढे सरकवता आणि गोष्ट तिच्या विरुद्ध वळवता: 'जाळी हलली, तू सवयीने उजव्या हाताने धरायला गेलीस, कळ आली, तोंडातून आवाज निघाला, पहारेकरी वळला.' तिने पॉइंट घेतला तर हे घडलं. नको असेल तर तिने स्वतःचा एक पॉइंट द्यायचा. जिथे कृती उघड अशक्य आहे तिथे कंपेलची गरज नाही. जिथे जमलं असतं पण अडचण झाली, तिथे कंपेल. ही सीमारेषा प्रत्येक टेबल आपापली आखतं, माझी थोडी कडक आहे.

बरं होण्याबद्दल एक गोष्ट सगळे विसरतात. घड्याळ जखम झाली तेव्हा सुरू होत नाही, उपचार झाल्यावर सुरू होतं. मॉडरेटच्या उपचाराला +४ ची ओव्हरकम (अडचण पार करायचा रोल) लागते, स्वतःच स्वतःचा हात बांधला तर आणखी दोनने अवघड. यश मिळालं की ॲस्पेक्टचं नाव बदलायचं, समजा 'हात झोळीत'. त्यानंतर एक पूर्ण सेशन (खेळाची एक बैठक) गेलं की चौकट मोकळी. माइल्डला उपचारानंतर एक सीन पुरतो, सिव्हिअर मात्र अख्खं सिनॅरिओ (काही सेशन चालणारं कथानक) संपेपर्यंत बसून राहतं. रुक्मा हाडवैद्याकडे गेलीच नाही तर तिची मॉडरेटची चौकट भरलेलीच राहणार, आणि पुढच्या मारामारीत तिच्याकडे माइल्डनंतर थेट सिव्हिअर. वैद्याकडे जाणं हा सीनच आहे. वैद्य कुणाचा माणूस, तो मुकादमाला सांगेल का, पैसे कोण देणार, हे सगळं त्यात येतं.

हा सगळा वाद मुळात का होतो, यावर थोडं. तुमची खेळाडू डीएनडीची (डंजन्स अँड ड्रॅगन्स या आरपीजीची) पाचवी आवृत्ती खेळून आली असेल, असा माझा अंदाज आहे. आपल्याकडे बहुतेक जण त्याच दाराने आत येतात. तिथे २०१४ च्या नियमांप्रमाणे आठ तासांच्या लाँग रेस्टनंतर सगळे हिट पॉइंट (किती मार सोसता येईल तो आकडा) परत येतात. शून्यावर पडलात तर डेथ सेव्ह, दर फेरीला डी-ट्वेंटी (वीस बाजूंचा फासा) टाका, दहा किंवा वर म्हणजे यश, तीन यशं आधी आली तर तगलात, तीन अपयशं आधी आली तर गेलात. कुणी हीलिंगचा मंत्र टाकला की पुन्हा उभे. अशा खेळात मारामारीची खूण दुसऱ्या दिवशी सकाळी उरत नाही. मरणं आणि ठणठणीत असणं यांच्यामध्ये काही नसतं. डेव्ह आर्नसनने हिट पॉइंटची कल्पना जहाजांच्या युद्धखेळातून घेतल्याचं सांगितलं होतं, आणि १९७४ मध्ये त्याने गॅरी गायगॅक्सबरोबर डीएनडी काढलं तेव्हा ती तशीच आत आली. जहाज बुडेपर्यंत तोफा डागत राहतं, हे जहाजापुरतं ठीक आहे. पुढे १९७९ च्या डंजन मास्टर्स गाइडमध्ये गायगॅक्सला खुलासा करावा लागला की हे पॉइंट म्हणजे नुसतं मांस-रक्त नव्हे, त्यात कौशल्य, दैव, हुकलेले वार असं बरंच काही धरलेलं आहे.

तोच खुलासा फेटच्या स्ट्रेसला लागू आहे, आणि इथे जीएम मंडळी हमखास घसरतात. स्ट्रेसच्या चौकटी झटापट संपली की आपोआप पुसल्या जातात. मग चौकट खोडली गेली तेव्हा 'कोयता खांद्यात रुतला' असं वर्णन करायचं कशाला? दोन मिनिटांनी खांदा कोरा दिसणार. स्ट्रेसला धाप, ओरखडा, थोडक्यात हुकलेला वार, गेलेला तोल, फाटलेला सदरा. रक्त कॉन्सिक्वेन्ससाठी राखून ठेवा. असं केलंत की लिहिलेल्या ओळीला टेबलावर आपोआप मान मिळतो, कारण बाकी सगळं निसटून जातं आणि तीच एक गोष्ट राहते.

आता मल्हार.

कन्सेशनचे नियम साधे आहेत. फासे पडायच्या आधी जाहीर करायचं. समोरच्याचा रोल बघून 'बरं, मी कन्सीड करतो' चालत नाही. त्याबद्दल एक फेट पॉइंट मिळतो, शिवाय या झटापटीत घेतलेल्या प्रत्येक कॉन्सिक्वेन्सचा एक. मल्हारने बरगडीवर माइल्ड घेतलं असेल तर त्याला दोन मिळाले पाहिजेत. दिलेत का? न दिल्यास आधी ते द्या. हरण्याचा मोबदला मिळाला की लोक शेवटच्या श्वासापर्यंत लढायचं सोडतात, आणि तुमचे खलनायक जिंकून पुढच्या भागात यायला मोकळे होतात.

बदल्यात काय मिळतं? आपण कसे हरलो यात शब्द. हरलो की नाही, यात शब्द नाही. समोरच्याला जे हवं होतं ते त्याला मिळालंच पाहिजे. मुकादमाला काय हवं होतं? चोपडी वखारीतच राहायला हवी होती, हे तुमच्या वर्णनावरून मी गृहीत धरते. मग मल्हार चोपडी घेऊन निसटू शकत नाही. तो निसटू शकतो, पकडला न जाता, हातपाय शाबूत ठेवून, ओळख उघडी न पडता. 'छपरावरून उडी मारली, चोपडी आत पडली, मी खाडीच्या बाजूने पळालो' हे झकास कन्सेशन आहे. 'एक पान फाडून नेलं' यावर माझं टेबल नाही म्हणेल, कारण पणाला चोपडीच लागली होती. पण 'पळताना मुकादमाच्या कंबरेला कुठल्या किल्ल्या आहेत ते पाहून ठेवलं' याला मी खुशाल हो म्हणेन. ते पणाला नव्हतं, आणि पुढच्या चोरीची ती सोय आहे.

हेच मुकादमाला चोपडीची फिकीर नसती आणि त्याला चोर जिवंत पकडायचे असते, तर उलट झालं असतं. मग मल्हारला सुटका मागता आली नसती. पकडला जाणं हीच हार. 'पण मला मारझोड न करता कोठडीत टाकलं, आणि कोठडी रस्त्याकडेची आहे' एवढं तो मागू शकला असता, आणि चोपडीचं काय झालं हा प्रश्न मोकळा राहिला असता. मारामारी तीच, आकडे तेच, परिणाम मात्र अगदी वेगळे.

म्हणून पुढच्या वेळी पहिला फासा पडायच्या आधी प्रत्येक बाजूचं एकेक वाक्य बोलून घ्या. 'आम्हाला चोपडी घेऊन बाहेर पडायचंय.' 'मुकादमाला चोपडी राहायला हवी, तुमच्या जिवाशी त्याला घेणंदेणं नाही.' सरप्राइज जाईल अशी भीती नव्या जीएमना वाटते. माझ्या अनुभवात जात नाही. मुकादम चोपडीसाठी इतका का झटतोय, हे गूढ तसंच राहतं. उलट हेतू मध्येच बदलला की तो बदल दिसतो. मल्हारने दिवा गोण्यांवर फेकला, आग लागली, आणि तुम्ही म्हणालात, 'आता मुकादमाला चोपडी नको, त्याला तू हवास.' टेबल शहारतं.

मुकादमालाही कन्सीड करता येतं, हे लक्षात असू द्या. आपल्या माणसांचा मुडदा पडलेला पाहून कुठला मुकादम पगारासाठी शेवटपर्यंत लढेल? ही समज खूप जुनी आहे. १९८१ च्या बेसिक डीएनडीमध्ये राक्षसांना मोराल (लढत राहण्याचं धैर्य) असायचं, २ ते १२ मधला एक आकडा. आपल्यातला पहिला मेला की आणि अर्धे पडले की दोन डी-सिक्स टाकायचे, आकडा ओलांडला की ती टोळी माघार घेते किंवा शरण येते. नंतरच्या आवृत्त्यांत हे मागे पडलं आणि प्रत्येक गॉब्लिन हुतात्मा व्हायला लागला. जो प्रतिस्पर्धी पळून जातो तो काहीतरी हरून आणि काहीतरी ठरवून जातो. मेलेल्याकडून असं काही मिळत नाही.

दाऊदकडे येते. टेकन आउट झालेल्याचं काय होतं हे जिंकणारा ठरवतो, आणि नियमाच्या अक्षराप्रमाणे त्यात मृत्यू बसतो. पण फेट कोअरच्याच पानांवर असंही म्हटलंय की अचानक मारून टाकण्यापेक्षा कॅरेक्टरला हालांत लोटणं बहुतेक वेळा जास्त रंगतं. शिवाय तुमच्या वर्णनावरून मी धरलंय त्याप्रमाणे मुकादमाला चोपडी हवी होती, जीव नव्हे. बेशुद्ध पडलेल्याचा गळा चिरायला त्याच्याकडे कारण काय? कारण असेल तर ते आधी दिसायला हवं होतं. लढाई चालू असताना त्याच्या तोंडी 'आज एकही जिवंत जाणार नाही' एवढं वाक्य आलं असतं, तरी दाऊदच्या खेळाडूला वेळेत कन्सीड करायची संधी मिळाली असती. ती मिळाली नाही, आणि मला वाटतं तो गप्प आहे तो याच कारणाने. कॅरेक्टर मेल्याचं दुःख लोक पचवतात. आपण कशावर पैज लावतोय हे माहीत नसताना हरलो, ही बोचणी राहते.

फिरवायचं कसं? टेबलासमोर, सगळ्यांच्या देखत, सरळ भाषेत. 'गळा चिरला हे मी मागे घेतोय. मुकादमाने त्याला जिवंत ठेवलंय. त्याचं काय करायचं, तू आणि मी मिळून ठरवू.' मग दाऊदच्या खेळाडूला निवडू द्या: वल्हवायला गलबतावर विकला गेला, की वखारीच्या पोटमाळ्यावर डांबलाय, की मुकादमाने त्याला माणूस म्हणून ठेवून घेतलंय आणि आता त्याच्यावर उपकार आहेत. शेवटचा पर्याय मला सगळ्यांत आवडतो. सुटका करायला आलेल्या मित्रांना तो नको म्हणाला तर? त्याने स्वतःहून आपला एखादा जुना ॲस्पेक्ट बदलून 'मुकादमाचं मीठ खाल्लंय' असा करायची तयारी दाखवली, तर करू द्या. मृत्यू यापेक्षा स्वस्त पडला असता.

याच्याशी जोडून एक गोष्ट, जी सेशनपूर्वीच बोलायची असते. छळ, अंग तोडणं, लैंगिक हिंसा, लहान मुलांवर हात, यांतलं काय परिणाम म्हणून कधीच येणार नाही आणि काय आलं तर पडद्याआड घडेल, हे ठरवून ठेवा. रॉन एडवर्ड्सने लाइन्स अँड व्हेल्स म्हणून मांडलेली पद्धत हीच. टेबलाच्या मधोमध ठेवायचं एक्स-कार्ड, ज्याला हात लावून कुणालाही नकोसा प्रसंग थांबवता येतो, ते जॉन स्टाव्हरोपोलोसचं. दोन्हींना पाच मिनिटं लागतात. ओळखीच्यांत खेळतोय म्हणून गरज नाही असं म्हणणाऱ्यांच्या टेबलावरच मी सर्वांत अवघडलेल्या शांतता पाहिल्या आहेत.

अंमलदाराकडे जाण्याआधी एक वळसा, कारण तुमच्या प्रश्नात एक परिणाम कुणीच मोजलेला नाही: बंदराला काय कळलं? वखारीत आरडाओरडा झाला, हमाल जागे झाले, एक माणूस बेपत्ता. तिघांच्या अंगावर जे झालं ते कागदावर आहे. गावावर जे झालं ते कुठेही नाही. फेटमध्ये त्यासाठी सीनचा किंवा कॅम्पेनचा ॲस्पेक्ट लिहिता येतो, पण मी इथे सरळ जॉन हार्परच्या ब्लेड्स इन द डार्क या आरपीजीमधून उसनं घेते. त्यात क्लॉक असतं: एक वर्तुळ, चार, सहा किंवा आठ फाका. 'अंमलदाराचा संशय', सहा फाका. तिथे प्रत्येक रोलआधी जीएम पोझिशन सांगतो, कंट्रोल्ड, रिस्की की डेस्परेट, म्हणजे बिघडलं तर किती बिघडेल हे फासा उचलायच्या आधीच माहीत असतं. रिस्की असताना बिघडलं तर क्लॉकच्या दोन फाका भरा, डेस्परेटला तीन. वखारीची रात्र माझ्या मते रिस्की, म्हणून दोन. क्लॉक खेळाडूंना दिसेल असं टेबलावर ठेवा. भरलं की अंमलदार दारात.

ब्लेड्समधली आणखी एक गोष्ट उचलण्यासारखी आहे. तिथे जीएमने सांगितलेला परिणाम खेळाडूला नाकारता येतो, किमान कमी करता येतो. रेझिस्टन्सचे फासे टाकायचे आणि सहातून सर्वांत मोठा फासा वजा जाता जे उरेल तेवढा स्ट्रेस भरायचा. फासा सहा आला तर फुकटात सुटलात, एक आला तर पाच. म्हणजे जीएमला बिनदिक्कत कठोर बोलता येतं, कारण शेवटचा शब्द त्याचा नसतो. फेटमध्ये ही यंत्रणा नाही, पण वृत्ती आणता येते. तुम्ही परिणाम सांगता तेव्हा 'असं होणार आहे, मान्य?' एवढं विचारायला काय जातं?

आता अंमलदार.

शाब्दिक झटापटीत हरलेल्याच्या मनाचं काय होतं, यावर आरपीजीवाले गेली कित्येक वर्षं भांडत आहेत. माझी भूमिका पक्की आहे. फासे कॅरेक्टरचं मत बदलू शकत नाहीत. जे पणाला लागलं होतं ते मात्र द्यावं लागतं. ल्यूक क्रेनच्या बर्निंग व्हील या आरपीजीत ड्युएल ऑफ विट्स (शाब्दिक द्वंद्व) आहे, त्यात दोन्ही बाजू आधी आपली मागणी मांडतात, मग वाद. जिंकणाऱ्याला मागणी मिळते, पण वादात त्याचंही नुकसान झालं असेल तर त्या प्रमाणात त्याला तडजोड द्यावी लागते. जेमतेम जिंकलात तर तडजोड मोठी. हरलेला मनातून पटवून घेत नाही, पण शब्दाला बांधला जातो. भर दरबारात हार मानल्यासारखं.

व्हिन्सेंट बेकरने २००४ मध्ये काढलेल्या डॉग्ज इन द व्हिनयार्डमध्ये याचीच दुसरी बाजू आहे. अमेरिकेच्या जुन्या पश्चिमेसारख्या काल्पनिक मुलखात गावोगाव फिरणारे तरुण धर्मरक्षक, आणि प्रत्येक संघर्ष बोलण्यापासून सुरू होऊ शकतो. हरायला लागलात तर वाढवा: बोलण्यावरून धक्काबुक्की, मग हाणामारी, मग बंदूक. वाढवलं की नवे फासे मिळतात. पण ज्या पायरीवर मार घेतला त्या पायरीचे फासे परिणामाला येतात: बोलण्याला डी-फोर, धक्काबुक्कीला डी-सिक्स, हाणामारीला डी-एट, गोळीला डी-टेन. संघर्ष संपल्यावर ते सगळे टाकून त्यातल्या मोठ्या दोघांची बेरीज करायची. डी-फोर कितीही असले तरी बेरीज आठच्या वर जाणार नाही, म्हणजे बोलण्याने मनावर किंवा नात्यावर खूण राहील, जीव जाणार नाही. दोन डी-टेन मात्र वीसपर्यंत जातात, आणि वीस म्हणजे मेलात. त्यामुळे खेळाडूसमोर दर वळणावर एकच प्रश्न येतो: या मागणीसाठी पुढची पायरी चढायची की इथे सोडून द्यायचं? परिणाम कुणी लादत नाही, आपण किती चढलो त्यावर येतो. हा खेळ वाचला नसलात तरी हा प्रश्न तुमच्या टेबलावर विचारायला लागा. रुक्मा अंमलदाराशी हरायला लागली तेव्हा ती सुरा काढू शकली असती. तिने काढला नाही. ही तिची निवड होती, आणि ती नोंदवण्यासारखी आहे.

तर रुक्माने किती ऐकायचं? वादात अंमलदाराने काय मागितलं होतं ते आठवा. तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून एक धरून चालते: 'अमावास्येपर्यंत धक्क्यावर पाय ठेवायचा नाही.' तर तेवढंच. तो चांगला माणूस आहे हे तिने मानायची गरज नाही. त्याला बातम्या पुरवायची गरज नाही. मल्हारला धक्क्यावर पाठवायला तिला कुणी अडवलेलं नाही. तिच्या मनावर काही उमटलं असेल तर ते तिने घेतलेल्या कॉन्सिक्वेन्समध्ये लिहिलेलं असेल, समजा 'चारचौघांत मान खाली'. ते खरं आहे, वर सांगितलेल्या तीनही अर्थांनी. नसेल तर तिचं मन तिच्याकडे.

आणि तुम्ही सांगितलेलं गलबत धक्क्यालाच लागलेलं असेल, तर दोर धरून चढायच्या आधीच तिने तो शब्द मोडलाय. मोडू द्या, अडवू नका. फक्त अंमलदारापर्यंत बातमी गेली की त्याच्या बाजूने एक ॲस्पेक्ट लिहा, 'शब्द न पाळणारी', त्यावर एक फुकटचा इन्व्होक ठेवा, आणि त्याच्या क्लॉकची आणखी एक फाक भरा.